उगाच बोलण्याचा अभ्यास

डिचोली, २४ ऑगस्ट १९८६

चि. पद्मावती,

काका आज खुशीत आहे, म्हणून आशीर्वाद नेहमीपेक्षा दोन जास्त घे. वास्कोच्या एका जहाज कंपनीला टेलिफोन ऑपरेटर हवी आहे, असं जावयांनी, विठ्ठलरावांनी कळवलंय. नवरा वास्कोला बंदरात, बायको पार्सेला सासूजवळ, आणि पंधरा दिवसांनी एकदा भेट, याला काय संसार म्हणायचा? तुला ही नोकरी लागली की तिकडे खोली घ्या, दोघं मिळून राहा. लेखी परीक्षा जानेवारीत आहे आणि तोंडी एप्रिलमध्ये. मी निवृत्त झालो असलो तरी माझा खडू निवृत्त झालेला नाही. टपालाने शिकवीन.

ऑपरेटरच्या कानात दिवसभर गलका असतो. त्यातून कामाचा शब्द तांदळातून खडा वेचावा तसा वेचायचा असतो. म्हणून पहिला धडा गलक्याच्याच इंग्रजी नावांचा. चॅटर म्हणजे बायका विहिरीवर करतात ती बडबड. माकडांच्या बडबडीलाही इंग्रज चॅटरच म्हणतो, तेव्हा अपमान त्याने केला आहे, मी नाही. डिन म्हणजे कान किटवणारा गोंगाट. हम म्हणजे एका सुरात चाललेली घरघर, आमच्याकडे खाणीचे ट्रक लांबून करतात ती. आणि शेवटचा स्मॉल टॉक. म्हणजे ज्यातून काही निष्पन्न होत नाही आणि ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, ते बोलणं. साहेबलोक मुलाखत त्यानेच सुरू करतात. प्रवास कसा झाला, आज उकडतंय नाही? माणूस तिथेच पारखला जातो.

गृहपाठ असा. रोज एकाशी तरी उगाच बोलायचं. विषय ठरवायचा नाही, तोंडाला येईल ते. आणि पत्रात प्रत्येक शब्दाचं तुझ्या घरातलं, तू कानांनी ऐकलेलं उदाहरण द्यायचं. तुला हे जड जाऊ नये. दादा-वहिनी गेल्यावर सात वर्षांची तू आमच्याकडे आलीस, तेव्हापासून तुझी जीभ टाळ्याला लागलेली मी पाहिली नाही. मंगलाष्टकं चालू असताना करवलीशी काय कुजबुजत होतीस, ते अजून कळायचं आहे.

सुमंगलाकाकी बरी आहे. गौरवीसाठी स्थळं बघतोय.

तुझा मास्तरकाका,
कृष्णनाथ

*

पार्से, २ सप्टेंबर १९८६

मास्तरकाका,

पायांवर डोकं ठेवते आणि लगेच वर काढते, कारण लिहायचं खूप आहे.

डिन आमच्याकडे सध्या फुकट मिळतो. चतुर्थी पाच दिवसांवर आली. गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं, रानवेली, सुपाऱ्यांचे घोस सगळ्या ओटीभर पसरलेत, आणि बाबलीभावजी मध्ये बसून घुमट वाजवतायत. सासूबाई ओरडतात, "घुमट ठेव रे बाबल्या! नारळ कोण सोलतलो, मी?" धाकटे दीर म्हणून लाड आहेत, आणि यंदा तर नवरदेव. मोरजीची मुलगी ठरलीय, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा.

हम म्हणजे धाकूची भाताची गिरण. चॅटर म्हणजे आमची विहीर. तिथे कळशी भरायला पाच मिनिटं लागतात आणि उचलायला तास.

स्मॉल टॉकचा अभ्यास तर मी मन लावून करते. शेजारच्या तारावहिनींचं माहेर मोरजीचं. काल त्यांच्याशी तासभर उगाच बोलले. कुळीथापासून सुरुवात केली, मग त्यांच्या भावजयीचे केस, मग मुलं लहानपणी काय काय आजार काढतात ते. मी म्हटलं, आमच्या बाबलीभावजींना लहानपणी फिट्स यायच्या, आता बघा, सात वर्षांत एक नाही, बैलासारखे राबतात. मग पुन्हा कुळीथ. कुठून कुठे गेलो ते लिहिताना आत्ता कळलं. दहापैकी किती?

तुमची,
पद्मा

*

डिचोली, २८ सप्टेंबर १९८६

चि. पद्मा,

दहापैकी दहा! पण त्यानंतर पत्र का नाही? चतुर्थीचे मोदक हातात चिकटले की काय?

मी इथे मराठीला राजभाषा करा म्हणणाऱ्या सभांना जातो आणि घरी येऊन तुझ्यासाठी इंग्रजी काढतो. गौरवी हसते. म्हणते, बाबा, घरात कोंकणी बोलता, भाषण मराठीत करता आणि शिकवता तिसरंच. मी म्हटलं, पोटाला सगळ्या भाषा कळतात.

नवे शब्द घे. मर्मर म्हणजे दबलेलं, शब्द न कळणारं बोलणं. हश म्हणजे गलका एकाएकी थांबला की पडते ती शांतता, हेडमास्तर वर्गात आले की पडायची तशी. जुन्या शब्दांचीही नवी उदाहरणं हवीत. आळस नको.

कृष्णनाथ

*

पार्से, १४ ऑक्टोबर १९८६

ती. काकांस नमस्कार.

मर्मर म्हणजे माजघरात सासूबाई आणि बाबलीभावजी बोलतात ते. हश म्हणजे मी आत गेले की पडते ती. हम गिरणीचाच. चॅटर साळुंक्यांची, विहिरीजवळच्या जांभळीवर. मी हल्ली पाण्याला दुपारी जाते, तेव्हा विहिरीवर कुणी नसतं. डिन नाही. स्मॉल टॉकचं उदाहरण या खेपेला मिळालं नाही.

बाबलीभावजींचं मोरजीचं लग्न मोडलं.

काकीला आठवण सांगा.

पद्मावती

*

डिचोली, २६ ऑक्टोबर १९८६

चि. पद्मा,

मोडलं तर मोडलं. मुलग्याला काय, दुसरी मिळेल. घरात थोडे दिवस सुतक असल्यासारखं वाटेल, ते आपोआप जाईल.

तुझी उदाहरणं मात्र झकास! हशचं उदाहरण मी इथल्या दोन मास्तरांना वाचून दाखवलं. एका वाक्यात अख्खं घर उभं केलंस. जुन्या पद्माला एवढंच सांगायला चार पानं लागली असती. इंग्रजी अशीच आटोपशीर असते, ती तुला उमगायला लागली आहे.

आता मोठी उडी मार. लेखी परीक्षेला निबंध असतो. विषय देतो, 'मुकं घर'. एक घर आहे, त्यात माणसं आहेत, पण बोलणं नाही, अशी कल्पना कर. जेवढी कल्पनाशक्ती असेल तेवढी पणाला लाव. इंग्रजीत लिही आणि मराठी खर्डाही जोड, म्हणजे तुला काय म्हणायचं होतं आणि काय म्हटलंस ते ताडून बघता येईल.

कृष्णनाथ

*

पार्से, १६ नोव्हेंबर १९८६

ती. काका,

इंग्रजी निबंध वेगळ्या कागदावर आहे. हा मराठी खर्डा. हा तुम्ही दोनदा वाचा.

एक घर आहे. त्या घरात एक सून आहे. ती बोलकी होती. एकदा ती शेजारणीशी उगाच बोलत बसली आणि बोलता बोलता दिराच्या जुन्या आजाराचं बोलून गेली. चांगलंच म्हणायला गेली होती, की आता बरा आहे. पण ते बोलणं मुलीच्या गावी पोचलं, आणि चतुर्थीच्या सातव्या दिवशी मुलीकडच्यांनी नारळ परत पाठवला.

मग घरची माणसं देवीला कौल लावायला गेली. देवीच्या मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सासूने विचारलं, आमच्या घरची गोष्ट सुनेच्या तोंडून बाहेर गेली काय? उजवी पडली. देवी खोटी नाही, म्हणून तर सुनेला तोंड वर करायला जागा उरली नाही. तिथेच सासूने आंगवण घेतली, म्हणजे नवस बोलली. धाकट्याचं लग्न पुन्हा ठरेपर्यंत हिच्याशी कुणी बोलायचं नाही आणि हिनेही कुणाशी बोलायचं नाही. बोलणारा जो कोण असेल तो माझ्या पोराचं लग्न मोडणारा.

नवरा शनिवारी येतो. तो वाईट नाही. पण भावाचं पुन्हा मोडलं तर ते आपल्यावर येईल, या भीतीने तोही बोलत नाही. त्याने एकदा पाटीवर लिहून विचारलं, बरी आहेस ना? सासूने ते पाहिलं आणि पाटीचाही कौल घेऊन आली. डावी पडली. टपालाबद्दल देवीला विचारायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

विहिरीवरच्या बायकांनाही सांगून ठेवलंय. गरज लागली की सासू भिंतीकडे बघून म्हणते, "तांदूळ संपले वाटतं." सून तांदूळ काढते. ती पाणी भरते, भाकऱ्या थापते, आणि कधी कधी गोठ्यात जाऊन म्हशीला नाव सांगते आपलं, आवाज आहे की नाही ते बघायला.

त्या सुनेला वाटतं की तिच्या माहेरचं कुणीतरी यावं आणि चल म्हणावं. दुसरं तिला काही नको.

पद्मावती

*

डिचोली, २१ डिसेंबर १९८६

चि. पद्मा,

पत्राला उशीर झाला, माफ कर. भाषेच्या आंदोलनाने रस्ते बंद, गाड्या बंद, टपाल कुठेतरी पडून. माझा स्वतःचा घसा घोषणा देऊन बसलाय.

निबंध! अग, तू हे लिहिलंस? तांबड्या शाईने तपासून सोबत परत पाठवतोय. दहापैकी नऊ. मी जन्मात कुणाला नऊ दिलेले नाहीत. एक गुण कापला तो अतिशयोक्तीचा. कौल इथवर ठीक, पण पाटीचा कौल जरा जास्तच. परीक्षक हसेल. आणि शेवट रडका झालाय. सुनेने धीटपणाने काहीतरी करायला हवं होतं.

मी तो घरात मोठ्याने वाचून दाखवला. गौरवीने टाळ्या वाजवल्या. काकी मात्र अर्ध्यातच उठून स्वयंपाकघरात गेली. नंतर म्हणाली, "पद्माला चार दिवस घेवन येयात." मी म्हटलं, आता अभ्यासाचे दिवस आहेत, आणि गौरवीला पेडण्याहून चांगलं स्थळ येतंय, ते मार्गी लागू दे. बायकांना गोष्ट आणि खरं यातला फरक कळत नाही, त्याला काय करणार?

लेखीत तू पहिली येणार, हे माझ्याकडून लिहून घे.

कृष्णनाथ

*

पार्से, १२ एप्रिल १९८७

ती. काका,

लेखीत मी पहिली आले. विठ्ठलनी निकालाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि ते बाहेर गेले.

गुरुवारी तोंडी होती. पार्सेहून वास्कोपर्यंत मी आणि विठ्ठल बसमध्ये शेजारी बसून गेलो. त्यांनी वाटेत मला शहाळं दिलं. बोलले नाहीत.

कंपनीत तीन साहेब होते. भले वाटले. मधल्याने माझा निबंधाचा कागद वर धरला आणि कौतुकाने मान हलवली. मग हसून इंग्रजीत विचारलं, प्रवास कसा झाला?

काका, मला उत्तर येत होतं. तुम्ही शिकवलेली पाच उत्तरं येत होती. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. साहेबाला वाटलं, कळलं नाही. त्याने कोंकणीत विचारलं, "कशें आयलें गो बाय?" कुणीतरी माझ्याकडे बघून, माझ्या उत्तराची वाट बघत बोलत होतं. सात महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. त्यांनी पाणी दिलं, पंखा जोरात केला, पुन्हा विचारलं, आज उकडतंय नाही? मी पदराने डोळे पुसत राहिले. शेवटी म्हणाले, जा बाय, भिऊ नको. दुसऱ्या मुलीला आत बोलावलं.

मी तेव्हा लिहिलं होतं ती गोष्ट नव्हती. ते घर माझंच. तुम्ही नऊ गुण दिलेत तो कागद मी चुलीत घातला.

मला घेऊन जा. आता याहून सोपं कसं लिहू?

पद्मा

*

डिचोली, १८ एप्रिल १९८७

पद्मा, माझ्या बाय,

मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून बसलो. मला जोड्याने मारायला हवं. दर ओळीत तू सांगत होतीस आणि मी वेलांट्या बघत होतो. काकीला पहिल्या वाचनात कळलं ते तीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या माणसाला कळलं नाही.

आणि ते उगाच बोलणं, तो गृहपाठ मी दिला होता. तू मला याबद्दल एका अक्षराने बोल लावला नाहीस. ते मला जास्त लागतं.

३ मेच्या रविवारी येतो. तुला घेऊनच परत येईन. कौलबिल मी मानत नाही.

काका

*

डिचोली, ५ मे १९८७

पद्मा,

काय लिहू? पण न लिहिणं तर आणखी वाईट.

बसमध्ये सगळी वाक्यं पाठ केली होती. तुझ्या सासूबाई फाटकातच भेटल्या. हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, बाबल्याचा लगीन मांद्र्याक जुळत इलाहा. आठ-पंधरा दिवसांचो प्रश्न. तुमी तिच्याशी शब्द काढलात आणि मोडला, तर ता पाप तुमच्या माथ्यार." मी हसून उडवायला हवं होतं. वर्गात मी अंधश्रद्धेवर किती निबंध लिहून घेतले असतील! पण मी म्हणालो, बघू.

मग बाबलीने खुर्ची दिली आणि बोलणं सुरू झालं. गोव्याला राज्य मिळणार, काजू यंदा कमी, उन्हाळा कडक, फणस उशिरा. विठ्ठलराव हळूहळू खुलले. सगळे हसत होते. तू गऱ्यांचं ताट घेऊन आलीस, माझ्यासमोर ठेवलंस आणि उभी राहिलीस. मला तुझे हात दिसले. वर बघवलं नाही. एकच शब्द हवा होता, चल. तो घशापर्यंत आला, आणि मनात आलं की गौरवीचा साखरपुडा सतराला आहे. ती माणसं पेडण्याची आहेत. मास्तराने पुतणीला सासरहून उठवून आणली, एका घरचं लग्न मोडलं, हे त्यांच्या कानावर जायला दोन दिवस पुरतील. मी गरा उचलला आणि म्हणालो, गोड आहे.

दोन तास बोललो. तुझ्याशी नाही. काकी कालपासून माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

गौरवीचं एकदा होऊन जाऊ दे. मग मी नक्की

(इथे काय लिहावं ते सुचत नाही.)

कृष्णनाथ

*

पार्से, ३ जून १९८७

ती. काका,

तुमचं पत्र येऊन महिना होत आला.

त्या दिवशी मी बाहेर जायचं पातळ नेसून होते, ते तुम्ही पाहिलं नाहीत. पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे भरून ठेवली होती. तुमचा आवाज आत ऐकू येत होता. खरं सांगते, बरा वाटत होता. आमच्या ओटीवर किती महिन्यांनी एवढं बोलणं झालं. तुम्ही उठलात, "येतो हं" म्हणालात. सगळ्यांना मिळून म्हणालात. त्यात मला धरलं होतं की नाही, हे मी तुम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत ठरवत होते. मग पिशवीतली पातळं दांडीवर घातली.

तुमच्यावर राग आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. घरच्यांवर नाही एवढा तुमच्यावर आहे, कारण त्यांच्याकडून मला काही नको होतं.

गौरवीचं ठरलं हे ऐकून बरं वाटलं. तिचं भलं होवो.

बाबलीभावजींचंही मांद्रेला ठरलं, २५ मेला. सासूबाईंनी देवीला पाच नारळ दिले, आंगवण फेडली, आणि देवळातून घरी येऊन पायांवर पाणी घेत म्हणाल्या, "पद्मा, चा टाक गो." काल-परवाच बोलल्यासारख्या. आता सगळे बोलतात. तारावहिनी विहिरीवर हाक मारतात. विठ्ठल पुष्कळ बोलले, थोडे रडले, वास्कोत पुन्हा जागा निघेल म्हणाले. कुणाच्या मनात काही नाही. त्यांचं झालं, संपलं.

मी ऐकते. उत्तर काय द्यायचं तेही कळतं. पण ते आतच राहतं, आणि ते बाहेर काढायला मला काही कारण सापडत नाही. आता पुढचे शब्द पाठवू नका. पत्रही नको.

शनिवारी गोव्याला राज्य मिळालं म्हणून पेडण्याला फटाके वाजले, आणि त्याच दिवशी मांद्रेहून नवीन सोयरे घर बघायला आले. ओटी माणसांनी भरली होती. सगळे एकदम बोलत होते. मी सगळ्यांना चहा दिला. मुलीच्या आईने माझा हात धरून दोन-तीनदा काही विचारलं, आणि मग गोंधळून सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई हसल्या. मायेनेच हसल्या, काका. म्हणाल्या, "आमची पद्मा पयल्यापासून अशीच गो. तिचा बोलणाच कमी."

मी मान डोलावली.

पद्मावती